पाच उंबऱ्यांचं लेकरू

कस्तुराबाईला कुणी विचारलं, "का गं, पोरानं आज काय खाल्लं?" तर आधी एक सुस्कारा निघायचा आणि मग उत्तर. उत्तर म्हणजे गावाची फेरीच. सिंधूच्या इथं चतकोर भाकरी, बसलिंगप्पा वाण्याच्या इथं रेवड्या, सुतारणीच्या इथं बोटभर तिखटजाळ भुरका, गुरवाच्या इथं देवापुढचं खोबरं, आणि परटिणीच्या इथं काय दिलं ते परटिणीलाच ठाऊक. आणि घरी? घरी काही नाही. निजामाच्या राज्यात ते जर्मनीच्या लढाईचे दिवस होते, सरकारी गिरदावर येऊन लेव्हीची, सक्तीच्या वसुलीची ज्वारी उचलून न्यायचा, तरी तिच्या नवऱ्याच्या, शेषेरावाच्या घरात कणग्या होत्या, दावणीला दुभती म्हैस होती, शिंक्यावर दह्याचं गाडगं होतं. पण त्या घरातल्या एकुलत्या एका लेकराला त्या घरातलं शीत चालत नव्हतं. त्याच्या आईनं त्याला घास भरवायचा नव्हता. तसा नवसच होता.

आता तुम्ही म्हणाल, हा असला कसला नवस! म्हणा. ज्याचं जळतं त्याला कळतं.

या लेकराच्या, भिकाच्या आधी कस्तुराबाईला तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. पाळण्यातली नाही, चांगली दुडदुडती, अंगावरचं दूध सुटून अन्नाला लागलेली. थोरली हगवणीनं गेली. दुसरा गोवरात गेला. तिसऱ्याला काय झालं ते कुणालाच कळलं नाही. संध्याकाळी आईच्या हातचा दूधभाकरीचा काला खाऊन निजला तो तापानं फणफणला आणि उठलाच नाही. सासू, धोंडाबाई, काही वाईट बाई नव्हती हो. तिचं स्वतःचंच नाव धोंडा पडलं ते अगोदरची भावंडं जगली नाहीत म्हणून. पण त्या तिसऱ्या वेळी, दारात माणसं बसलेली असताना, तिच्या तोंडून निघून गेलं, "कस्तुरा, तुझ्या हाताला गुण न्हाई गं माय."

शब्द निघाला तो निघाला. जिभेला काय, हाड नसतं. सासू विसरूनही गेली असेल, पण कस्तुराबाई विसरली नाही. भाकरी थापताना, भांडी घासताना, शेण लावताना ती मध्येच थांबायची आणि ओल्या हाताकडं बघत राहायची. हात तर चारचौघींसारखाच होता. कांकणं होती, चुलीचे चटके होते.

चौथ्या वेळी पोटात राहिलं तेव्हा धोंडाबाईनं रेणापूरच्या रेणुकाआईला नवस बोलला. हे लेकरू आमचं नाही. हे भिकेचं लेकरू. जन्मलं तशी तिनं त्याला सुपात घातलं, दाराबाहेर ठेवलं आणि आतून कडी लावली. ठरल्याप्रमाणं शेजारची सिंधू आली, तिनं सूप उचललं आणि दार वाजवून ओरडली, "लेकरू घ्या गं कुणी, कोंड्याच्या बदल्यात!" धोंडाबाईनं ओंजळभर कोंडा देऊन नातू घेतला आणि नाव ठेवलं भिका. कशासाठी? तर वरून बघणाऱ्याला वाटावं, हे काही या घरचं नाही, याला नेऊन काय करायचं.

देवीचं जावळ होईपर्यंत नेम तीन. अंगावरचं दूध आईचं चालेल, पण अन्न पाच घरचं, परक्या चुलीवरचं. घास परक्या हातचा. आणि भिकेचा म्हणून जो धर्म असतो तो पाळायचा, एका उंबऱ्यावर दोनदा मागायचं नाही. मिळालं तेवढं खायचं आणि पुढं चालायचं.

अंगावरचं दूध होतं तोवर ठीक चाललं. ते आटलं आणि कस्तुराबाईच्या पायांना भिंगरी लागली.

सकाळी झाडलोट, म्हैस, पाणी उरकलं की ती भिकाला कडेवर घ्यायची, जर्मलचा वाडगा हातात घ्यायची आणि निघायची. पाच घरं तीच ठरलेली. सगळ्या बाया जीव लावणाऱ्या, त्यात खोट नाही. पण घरोघरी मातीच्या चुली. सकाळच्या वक्ताला कुणाला फुरसत असती? दुसऱ्याच्या लेकरासमोर कोण घटकाभर बसणार? मग हाताला लागेल ते त्याच्या तोंडात पडायचं. एकीनं गुळाचा खडा द्यायचा, दुसरीनं फुटाणे. सुतारणीला भारी हौस, ती भुरक्याचं बोट चाटवायची आणि त्यानं तोंड वाकडं केलं की टाळ्या पिटून हसायची. वाणीणबाई गिरजव्वा पदराच्या गाठीतून रेवडी काढायची आणि म्हणायची, "खा रे बाळप्पा, खा." परत येताना बसलिंगप्पा दुकानातून हाक मारून आणखी दोन द्यायचा. भिका गोड खाऊन पोट गच्च करायचा आणि वरणभाकरी पुढं आली की तोंड फिरवायचा. कधी बांधल्यासारखं व्हायचं, कधी पाण्यासारखं. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा.

वर सल्ला द्यायला सगळं गाव. दृष्ट काढ. ताईत बांध. जंत झालेत, वावडिंग दे. एक म्हातारी म्हणाली, आईचं लक्ष नाही. ते ऐकून कस्तुराबाईनं वाडगा धुऊन पालथा घातला आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीला डोकं टेकून उभी राहिली. रडायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता. बेजार, बेजार झाली होती बाई. या लेकरानं काय खावं ते तिला कळत होतं. मऊ कण्या, त्यावर दूध, दुपारी तुरीच्या वरणात कुस्करलेली भाकरी, थोडी तांदुळजाची भाजी. सगळं घरात होतं. तिचा हात तेवढा नको होता.

मग एके दिवशी तिनं पदराखाली दोन गाडगी घेतली, एकात ज्वारीच्या कण्या, एकात दूध, आणि सिंधूच्या परसात मागच्या बाजूनं गेली. सिंधू वयानं लहान, तिला अक्का म्हणायची.

"हे काय आणलंव अक्का?"

"शिजव. मऊ शिजव. मी लेकरू घेऊन येते, तवा दे त्याला."

सिंधूनं कंबरेवर हात ठेवले. "म्हंजी खाणं तुमचंच, आन् भीक आमची?"

"चूल तुझी, हात तुझा. ज्वारी कुणाची, हे देवीनं विचारलंय का?"

"देवीला फसवून राहिलाव व्हय?"

"देवीला लेकरं हायती," कस्तुराबाई म्हणाली. "तिला कळतंय."

सिंधू हसली, आणि मग हसू जिरलं तिचं. तिनं गाडगी घेतली.

असं करत करत पाची घरं तिनं बांधून घेतली. कुणाकडं दूध, कुणाकडं तुरीची डाळ, परटिणीकडं दही. काम एकाचं दोन झालं. पहाटे आपल्या घरचं पोचवायचं आणि दिवस वर आला की तेच मागायला जायचं. धोंडाबाई विचारायची, "एवढ्या सकाळी कुठं गं गेलतीस?" तर म्हणायची, "आडावर." कुणी म्हणेल, खोटारडी. म्हणो बापडं. नवस सासूनं बोलला होता, निभवत होती सून.

खरी लढाई पुढं होती, ती लेकराशी. गुळाला चटावलेलं तोंड कण्यांना थोडंच उघडतंय? पहिल्या दिवशी सिंधूनं कण्यांचा घास दिला तो त्यानं फू करून तिच्या लुगड्यावर उडवला. कस्तुराबाई म्हणाली, "राहू दे. चल रे." वाण्याच्या घरी गिरजव्वाचा हात सवयीनं पदराच्या गाठीकडं गेला. कस्तुराबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. भिकानं तिथंच लोळण घेतली. सुतारणीकडं तीच तऱ्हा, गुरवाकडं तीच. रडून रडून आवाज बसला त्याचा. बायका म्हणाल्या, "अगं दे की एक खडा गुळाचा! दगडाची हायेस का?" बसलिंगप्पा दुकानाच्या पायरीवर आला आणि फुगून म्हणाला, "रेवडी म्हंजी काय विष हाय का, कस्तुराबाई? आमच्या हातचं आता चालत न्हाई का?"

"तुमच्या हातचंच तर चालतंय, मामा," ती म्हणाली. "म्हणून तर हात जोडते. रेवडी नका देऊ."

मामांना राग आला तो आला. पण पाचव्या उंबऱ्यावर, परटिणीच्या ओट्यावर, भुकेनं कळवळलेल्या पोरानं दह्यातल्या कण्यांचा एक घास गिळला. मग दुसरा. परटीण काही बोलणार तेवढ्यात कस्तुराबाईनं तिला डोळ्यानं दटावलं. कौतुक केलं की पोर बिथरतं. ती भिंतीकडं तोंड करून बसून राहिली आणि मागं चाललेला मचमच आवाज ऐकत राहिली.

एका दिवसात कुणी सुधारत नाही. आज खाल्लं, उद्या थुंकलं, परवा वाडगाच फेकला. पण ती हटली नाही. दोन घरांच्या मध्ये काही म्हणजे काही नाही. बसल्याशिवाय खायचं नाही. हात धुवायचे. आणि बायांचे हात कामात असायचे म्हणून तिनं त्याला आपल्या हातानं खायला लावलं. "हात कुणाचा?" ती विचारायची. "भिकाचा," तो म्हणायचा आणि अख्खा पंजा वाडग्यात बुडवायचा. भिका तर परकाच, मग नेम कुठं मोडला? अर्धं तोंडात, अर्धं अंगावर, उरलेलं कोंबड्यांना. ती शेजारी बसायची, मांडीवर हात बांधून. त्याच्या हनुवटीला शीत चिकटलं की तिची बोटं आपोआप उचलायची. शीत पुसायला नेमात मनाई नव्हती, तरी ती भ्यायची. पुसता पुसता तोंडात गेलं तर? मग ती सिंधूला म्हणायची, "तेवढं पूस गं."

हळूहळू मांड्या भरल्या. पोट बसलं. पोर वाडगा पुढं धरून दुडदुड चालत उंबऱ्याशी जायचं आणि ठणकावून म्हणायचं, "माय, वाढ!" वाढलं की खायचं, खाऊन झालं की उठायचं, पुढचं घर. एका उंबऱ्यावर दोनदा मागायचं नाही, हे त्याला इतकं पक्कं की एकदा सुतारणीनं भुरका द्यायचं सोडून मायेनं आणखी वरणभाकरी पुढं केली, तर यानं मान हलवली आणि चालता झाला. धोंडाबाई सगळ्यांना सांगत सुटली, "आईची किरपा! लेकरू कसं सुधारलं बघा." कस्तुराबाई म्हणायची, "हाव की आत्याबाई." तिला वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि कृपा नव्हती असंही तिला वाटत नव्हतं.

आणि मग बसलिंगप्पाच्या दुकानात उंदीर पडले.

त्या काळात उंदीर पडला म्हणजे प्लेग, दुसरं काही विचारायचं नसायचं. तालुक्याहून माणूस येईल तेव्हा येईल, लोक आधी निघायचे. गाडगीमडकी, पांघरुणं, कोंबड्या गाडीत घालून जो तो आपापल्या शेतात खोपी करून राहायचा. गाव चार दिवसांत ओस पडलं. एका आळीतली पाच घरं, हाकेच्या अंतरावरची, ती चार दिशांना पांगली. सिंधू ओढ्यापलीकडं, वाणी पार माळाच्या टोकाला, सुतार तिसरीकडंच. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

नेम मात्र पांगला नव्हता. धोंडाबाई म्हणाली, "एवढं केलं आन् आता कच खायची? जावळ आलंय की जवळ." सांगायला काय, ती खोपीत बसून होती, गुडघ्यांनी अधू. चालायचं कस्तुराबाईला होतं. काळ्या रानाची ढेकळं, पायाला टोचणारे तुरीचे फण, कडेवर आता चांगलं जडशीळ झालेलं पोर. एका खोपीतून दुसऱ्या खोपीत पोचेपर्यंत त्याला पुन्हा भूक लागायची. वाटेत तो हरभऱ्याच्या घाट्यांकडं बोट दाखवायचा आणि ती म्हणायची, "न्हाई बाळा, बसल्याबिगर न्हाई." म्हणता म्हणता तिचंच पोट कळवळायचं. लेकराचं झाल्याशिवाय ती खात नसे, आणि लेकराचं होईपर्यंत दिवस कलायचा.

एक दिवस बाभळीचा काटा तिच्या टाचेत असा गेला की आतच मोडला. पाय सुजून उखळीएवढा झाला. त्या दिवशी ती उठलीच नाही. शेषेरावानं पोराला खांद्यावर घेतलं आणि निघाला, पण बाप्या माणूस वाडगा घेऊन कुठवर फिरणार? सुतार लातूरला गेलेला, खोपीला दोरी बांधलेली. गुरवाकडं कुणी तापानं पडलेलं, त्यांनी लांबूनच हात हलवला. पुढं ओढ्यापलीकडं न जाता तो तसाच परत आला. पोर भुकेनं किरकिरत होतं. तिन्हीसांजा होत आल्या होत्या. चुलीवर कण्या रटरटत होत्या, बाजूला दूध तापलेलं. धोंडाबाई खुरडत शेजारच्या खोपीत मीठ मागायला गेली होती.

शेषेरावानं पोराला कस्तुराबाईच्या मांडीवर आदळलं. "घाल की घास. कोण बघून राहिलंय इथं?"

तिनं पोराला पोटाशी धरलं.

"आगं चार दाणे तुझ्या चुलीवरचे गेले पोटात, तर आभाळ कोसळतंय का? तुझंच दूध, तुझ्याच कण्या, रोज पोचवतीस ते मला ठावं न्हाई व्हय?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. इतके दिवस ठाऊक होतं आणि गडी एक शब्द बोलला नव्हता. तिला राग यायला हवा होता, पण रागालाही वेळ असावा लागतो. भिका तोंड वासून चुलीकडं बघत होता. तिनं वाडग्यात कण्या घेतल्या, दूध ओतलं, फुंकर मारली, कालवलं. तीन बोटांवर घास उचलला. पोरानं तोंड पुढं केलं. घास त्याच्या ओठांपाशी गेला आणि तिथंच थांबला. तिला तो तिसरा दिसला, काला खाऊन दुधाची मिशी उमटलेला, हसून निजलेला. घास वाडग्यात पडला.

"मला व्हत न्हाई वं," ती म्हणाली. "माझ्यानं व्हत न्हाई. हा बी गेला तर म्या कुणाला तोंड दाखवू?"

"डोस्कं फिरलंय तुझं," शेषेराव म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. गेलेली लेकरं त्याचीही होती.

ती उठली. पोराला त्याच्याकडं दिलंच नाही. कडेवर घेतलं, काठी घेतली आणि सुजल्या टाचेनं ओढा ओलांडून सिंधूच्या खोपीवर गेली. शेषेराव मागून कंदील घेऊन चालत राहिला. सिंधूनं तिला बघितलं आणि तोंडावर हात मारला, "अगं माय माय माय!" चूल विझली होती ती तिनं पुन्हा पेटवली. भिकानं बसून, हात धुऊन, आपल्या हातानं खाल्लं आणि तिथंच झोपी गेला. कस्तुराबाईचा काटा सिंधूच्या नवऱ्यानं सुईनं काढला. त्या दिवशी ती जेवली की नाही, ते कुणी विचारलं नाही.

उंदरांचं दुखणं सरलं. गाव परत आलं, घरं सारवली गेली, आणि मग एकदाचं जावळ आलं.

दोन गाड्या जुंपून सगळे रेणापूरला गेले. पाची घरच्या बाया सोबत होत्या, त्यांचाच मान. देवीसमोर भिकाचे केस उतरले, परडी भरली, धोंडाबाईनं ओटी भरून डोकं टेकलं आणि रडत म्हणाली, "आई, तुझं तुला पोचलं. आता आमचं आम्हाला दे." बसलिंगप्पानं रेवड्यांचा पुडा काढला, कस्तुराबाईकडं बघितलं आणि विचारलं, "आज तरी चालतंय का?" सगळे हसले. तीही हसली. एक रेवडी चालली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईला कुठं जायचं नव्हतं. पदराखाली गाडगी नव्हती, फेरी नव्हती. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. उलट अंग असं जड पडलं, जसं ओझं उतरवल्यावर मान दुखते. तिनं आपल्या चुलीवर कण्या शिजवल्या, मऊ. दूध घातलं. पाट मांडला. धोंडाबाई खांबाला टेकून बसली, शेषेराव बैलांचं निमित्त काढून दाराशी रेंगाळला. दोघंही दुसरीकडं बघत होते, पण बघत होते इकडंच.

"ये रे भिका," ती म्हणाली. मुंडण झालेलं ते डोकं कसलं गोड दिसत होतं. तिनं त्याला मांडीवर घेतलं. घास उचलला. ओठांपाशी नेला. ती मनात म्हणाली, आई रेणुका, आता हा तुझा हात.

भिकानं घासाकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. आणि तोंड फिरवलं.

"खा बाळा. आईनं केलंय."

त्यानं मान हलवली. मांडीवरून उतरला. कोनाड्याखालचा आपला जर्मलचा वाडगा घेतला आणि दुडदुड दाराकडं निघाला. बापाच्या पायांमधून वाट काढून बाहेर गेला. कस्तुराबाईला वाटलं, झालं. हे लेकरू आता जन्मभर दुसऱ्याच्या दारातच जेवणार. तिनंच तर शिकवलं होतं, बसल्याबिगर नाही, मागितल्याबिगर नाही. हाताला गुण नाही म्हणाले ते खरंच म्हणाले का? घास तसाच बोटांवर होता. धरून काय करायचं? तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला. काल संध्याकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

बाहेरून पायांचा आवाज थांबला. भिका सिंधूकडं गेला नव्हता. तो अंगणात वळला होता आणि आपल्याच उंबऱ्याच्या पलीकडं उभा राहिला होता, वाडगा पुढं धरून.

"माय, वाढ!"

शेषेराव बाजूला सरकला. कस्तुराबाई उठली. उंबऱ्याच्या अलीकडं उभी राहून, जशी इतर बाया वाढायच्या तशी तिनं वाकून पळीभर कण्या त्याच्या वाडग्यात वाढल्या. पोटच्या पोराला भीक घातली बाईनं, स्वतःच्या दारात. तो पायरीवर बसला. हात पुढं केले; तिनं तांब्यातलं पाणी घातलं. पंजा बुडवून त्यानं खायला सुरुवात केली. हनुवटीला शीत चिकटलं. तिनं बोटानं ते पुसलं. पुसता पुसता ते त्याच्या ओठांत गेलं आणि त्यानं गिळलं. ती बघत राहिली. काही झालं नाही. कोंबड्या जमल्या, ऊन अंगणात आलं, पोर मचमच खात राहिलं.

वाडगा रिकामा झाला. आता तो उठणार, पुढचं घर. ती पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

भिका उठला नाही. त्यानं वाडगा पुन्हा वर धरला.

"आणखी."

खांबापासून धोंडाबाईचा आवाज आला, सवयीनं, "एका उंबऱ्यावर दोनदा मागत न्हाईत रे, बाळा."

"मागू द्या, आत्याबाई," कस्तुराबाई म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. "त्याचं घर हाय."

आणि ती आणखी कण्या आणायला आत गेली.